उसने बूट

कंपाला, १४ फेब्रुवारी १९९५

चि. सौ. फेरेसितास दादाचे आशीर्वाद.

आधी एवढं वाच, की दाजी जिवंत आहेत. उजवा डोळा उघडत नाही, जबडा तारेने बांधलाय, बरगड्या तीन मोडल्यात. डॉक्टर दोन म्हणाले होते; मी पुन्हा बघायला लावल्या.

गेल्या मंगळवारी दोन पाहुण्या मास्तरांना राजधानी दाखवत होतो, त्यांतच दाजींना घेतलं. सकाळी स्वातंत्र्याचा पुतळा. लेकराला उंच धरून त्या आईचे हात भरून येत नसतील का, असं दाजींनी विचारलं. मी उंची सांगायला लागलो, तर मास्तरांना म्हणाले की आमच्या मेहुण्याला कोणी शाळेत घातलं नाही हे नशीब, नाहीतर त्याने विटाही मोजल्या असत्या. मग नामिरेंबेचं चर्च, आणि दुपारी कासुबीला राजांच्या समाध्या. तिथे रबरी चपलांत शोभत नाही, म्हणून मी घरूनच माझे काळे बूट त्यांना घालायला दिले होते.

बूट दाराशी काढून आत गेलो. बाहेर येताना दाजींनी भलताच काळा जोड पायात घातला. उसने बूट, ओळखणार कसे? खाली टॅक्सीच्या थांब्यावर बुटांच्या मालकाने पाहिलं आणि चोर म्हणून ओरडला. या शहरात त्या शब्दानंतर कोणी काही विचारत नाही. विटा, सायकलची साखळी, मग जाळायला गळ्यात जुना टायर. मी वर मास्तरांना छताची बावन्न वेटोळी, म्हणजे आपली बावन्न कुळं, समजावत होतो. पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं.

शनिवारी त्यांना एका भल्या माणसासोबत पाठवतो. मला कामामुळे जमणार नाही. लोभ आहेच, तो राहू दे.

तुझा दादा,
योझेफू सेबुग्वावो

मसाका, ६ मार्च

ती. दादा यांस नमस्कार.

हे नळीने पेज पितात. तुम्ही दिलेला भला माणूस दोन दिवस राहिला. त्याने अंगणात गुडघे टेकून मला सांगितलं, की पेट्रोलचा डबा त्याच्याच हातात होता. समाधीची राखण करणारी एक म्हातारी झाडाच्या सालीचं वस्त्र सावरत आली आणि भर रस्त्यात ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. तिने कूळ विचारलं. ह्यांनी तुटक्या दातांतून बाप, आजा, पणजा, सगळे सांगितले. फुफ्फुसमाशाचं कूळ ऐकल्यावर त्याच्या हातातला डबा गळून पडला, कारण तोही त्याच कुळाचा. टायर त्यानेच काढला आणि ह्यांना भाऊ म्हणाला.

आता माझं ऐका. हे म्हणतात, पहिली वीट पडली तेव्हा तुम्ही दहा पावलांवर होता. ह्यांनी तुमच्याकडे बोट करून सांगितलं, की बूट त्याचे, तो माझ्या बायकोचा भाऊ, त्याला विचारा. लोकांनी विचारलंही. पुढचं हे सांगत नाहीत. तोंड भिंतीकडे करतात. लग्नात ह्यांच्याकडून मेहुण्याचा कोंबडा, ज्यावाचून आपल्यात सोयरीक पक्की होत नाही, तुम्ही चारचौघांत दोन्ही हातांनी घेतलात, वर बारीक आहे म्हणून थट्टाही केलीत. त्या माणसाबद्दल काय बोललात? मला लिहा.

फेरेसिता

कंपाला, ११ मार्च

चि. फेरेसिता,

दहा नव्हे, सात पावलं.

साखळीवाल्याने माझ्या छातीवरचा वाटाड्याचा बिल्ला धरून विचारलं, हा तुझा कोण. साखळीला दाजींचे केस चिकटले होते. बूट माझे म्हटलं असतं तर मलाही साथीदार ठरवून आडवं केलं असतं. मी म्हणालो, याला ओळखत नाही, हा आमच्यातला नाही. दाजींनी ते ऐकलं. एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. तोवर ते डोकं झाकत होते. नंतर झाकलं नाही. जबड्यावरची वीट त्यानंतरची.

म्हातारी आली नसती तर मी त्यांना जळताना पाहिलं असतं, आणि उभाच राहिलो असतो. पहिल्या पत्रात वर थांबल्याचं लिहिलं ते खोटं. बाकी तपशील बरोबर आहेत.

तुला भाऊ हवा असेल तर कळव.

योझेफू

मसाका, २० मार्च

दादा,

पत्र ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी दोनदा वाचायला लावलं.

रविवारी या. केळ्यांचं मटोके करते. ह्यांना आता मऊ चालतं. शेजारपाजार सगळा बोलावलाय, तो भला माणूसही येतोय. हे फणसाखाली बसतील आणि तुम्हाला आत घेण्याआधी सगळ्यांसमोर विचारतील, की मी तुझा कोण. मोठ्याने सांगा. उजव्या कानाने त्यांना आता ऐकू येत नाही.

वाट पाहते.
फेरेसिता