ओठाचं कुंकू

ता. ४ जाने.
चाळीस निंबू पिळले. बोटाच्या चिरा चरचरून राहिल्या. अजून अर्धी टोपली बाकी. रेवा म्हणे, "आजी, पिळायची मशीन आणू का?" म्हटलं आण, मंग कुंकू कसं करायचं तेही मशीनलेच विचार. हसली पोट्टी. तिचा बाप विनू लहानपणी असाच हसे. आता फॅक्टरीतून येते त तोंडाले कुलूप.

ही वही नातीनंच दिली. "आजी, रोज लिहीत जाय, कशात काय टाकलं ते." इंदूरची नोकरी सोडून घरी साबण, काजळ, ओठाचं मलम करते. सगळं झाडपाल्याचं. ऑर्गॅनिक म्हणते त्याले. आमच्या वेळी त्याले नावच नव्हतं, दुसरं काही असतं त नाव ठेवलं असतं. मी चौथी शिकली. अक्षर म्हणजे कोंबडी चालून गेल्यासारखं. पण लिहिते.

ता. ५
खांदा उठत नाही. बसल्या बसल्या चित्राचं लिहिते, नाही त विसरीन.

रेवाची एक चित्रकार दीदी आहे, नंदिता. भिंतीएवढे चित्रं काढते. परवा रेवानं मले तिच्या घरी नेलं होतं पाहाले. एक चित्र सगळं पांढरं, मधात लाल डाग. कुंकवाचा करंडा सांडला, कोणी ओल्या हातानं पुसाले गेलं, तसा. बाकी काहीच नाही. मी विचारलं, "बेटा, बाकी का कब भरोगी?" दीदी एवढी हसली का खाली बसली. "अम्मा, इतना खाली रखने में चार महीने लगे हैं." चार महिने म्हणते त पाहावंच लागते ना. खुर्ची घेऊन समोर बसली. पाहता पाहता लालाची कड हलली. खरंच हलली. घरी येऊन सांगितलं त विनू म्हणे, "आई, चष्म्याचा नंबर वाढला."

प्रदर्शन ९ फेब्रु.ले. सहा चित्रं, प्रत्येक चित्राखाली रेवाची डबी, त्याच रंगाची, ओठाले लावायची. पाच रंग जमले. लालच जमत नाही. बीट झालं, जास्वंद झाली, गुलाब झाला, मेणात गेलं का मातकट. मी बोलून बसली, "हे त माह्या आईचं कुंकू आहे, मी करून देते." आता पिळा निंबू.

ता. ७
विनू जेवताना बोलला. "प्रदर्शन होईपर्यंत मी काही म्हणत नाही. नाही चाललं त भोपाळले नोकरी पाहाची." रेवा ताटात पाहत होती. मी म्हटलं, पोरीले जेवू त दे. भोपाळ काही दूर नाही, म्हणते तो. इंदूरही दूर नव्हतं. चार वर्षांत सहादा आली.

ता. ८
कमानियाच्या बाजारात जाऊन आली रेवासंगं. पंसाऱ्याच्या दुकानातून हळकुंडं, तुरटी, टाकणखार. पंसारी सुहागा म्हणते त्याले. रेवा तोवर बाजूले मेण पाहत होती. येताना गढा मोहल्ल्याच्या चढावर ऑटो बंद पडला, पाय तुटले. घरी आल्यावर चहा घेतला अन् तशीच पडली.

ता. ११
हळकुंडं फोडून तांब्याच्या पातेल्यात घातले, रस वरून. रोज दोनदा हलवाचं. गच्चीवर उन्हात पातेल्याजवळ बसते. थंडीचं ऊन, झोप येते. हलवाचं राहून जाते अन् मंग दचकून उठते.

ता. १४
संक्रांत. शेजारची शुक्लाइन तिळाचे लाडू देऊन गेली. तिची लेक बाळंतपणाले आलेली आहे, सातवा लागला.

मराठी बाया हळदीकुंकवाले गेल्या. मले आता कोणी बोलावत नाही, हे गेल्यापासून. बोलावू नका. कुंकू माह्याच पातेल्यात आहे. माही आजीही यजमान गेल्यावर कुंकू करे, अन् अख्खं गाव तेच लावे.

ता. १७
रंग धरला! हळकुंडाचा तुकडा फोडला त आतपर्यंत लाल. रेवा गच्चीवरच नाचली. कमरेले मिठी मारली, कंबर गेली, पण जाऊ दे.

ता. १९
सावलीत वाळवलं. आज पाट्यावर वाटाले घेतलं. दोन घंटे. हात जडशीळ. रेवा म्हणे मिक्सर. म्हटलं मिक्सरमधे तापते, रंग जळते. खरं खोटं माहीत नाही, आई म्हणे. "आजी, किती वाटाचं?" आवाज बंद होईपर्यंत. आधी करकर होते, मंग खसखस, मंग नुसतं सरसर. सरसरही गेली का झालं. हे ऐकून तिनं लगेच दीदीले फोन लावला.

ता. २१
दीदीचे मिस्टर आले. पांढरी दाढी, कानाले हातपंख्याएवढे डबे. गाणं करतात, पण गाणं म्हणजे शब्द नाही, सूर नाही. घुंऽऽ, मंग थांबते, मंग टक् टक्. आधी वाटलं फ्रिज बिघडला. प्रदर्शनात हेच वाजणार आहे. पाट्याजवळ मशीन ठेवून बसले अन् म्हणे, "अम्मा, बस आप पीसती रहिए." बोलाचं नाही म्हणे. आता मी न बोलता वाटत असते का कधी! दोनदा बोलली, दोनदा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा खोकला आला. ते म्हणे, "खाँसी रहने दो." ठेवली.

मंग माह्या कानाले डबे लावले. माहाच पाटा. पण असा, का कोणी नदी वाटून राहिलं. मले रडू आलं. रोज एवढा आवाज होते अन् मी ऐकलाच नव्हता.

रेवानं डबीवरच्या चिठ्ठीसाठी विचारलं, "आजी, कुंकवात काय काय आहे?" हळद, निंबू, तुरटी. तिनं चिठ्ठीवर लिहिलं.

ता. २४
मेण, तूप, कुंकू. डबी झाली. दीदीनं डबी चित्राजवळ धरली, रंग जुळवून पाह्यला. मंग रेवाच्या गालाले हात लावला. रेवानं तिथंच ओठाले लावलं. काय दिसत होती! विनूले फोटो पाठवला, त्यानं अंगठा पाठवला. त्याच्यासाठी तेही फार झालं.

रेवा रोज लावून राहिली.

ता. २८
ताप. लिहिलं नाही. आज बरं. सूनबाईनं मऊ भात दिला, लोणचं दिलं नाही.

ता. ३०
रेवा चिठ्ठ्या छापाच्या आधी मोबाईलवर यादी वाचत होती, ओठाच्या वस्तूत काय चालत नाही. मी मटार सोलत होती. इंग्रजी नावं घेत घेत म्हणे, "बोरॅक्स. हे म्हणजे सुहागा. तोंडात जाते त्याच्यात टाकाचंच नाही." पुढं वाचत गेली. मी मटार सोलत राह्यली. दाणे कचऱ्यात अन् साली भांड्यात टाकल्या.

टाकणखार टाकला आहे मी. त्याच्याशिवाय हळद लाल होतच नाही. सांगितलं काहून नाही? लपवलं नाही हो. भाजीत मीठ टाकलं हे कोणी सांगते का? माह्या डोक्यात ती टाकाची वस्तूच नव्हती, कराची रीत होती.

अन् विनूचं तोंड आलं होतं तवा हाच टाकणखार तव्यावर फुलवून मधासंगं चाटवला होता सासूबाईनं. आज फॅक्टरीत साहेब आहे तो. मेला का? असं मनात म्हणते, पण पोट्टीच्या ओठाकडं पाहवत नाही.

ता. ३१
सांगितलं नाही.
सांगितलं त लाल जाईल. लाल गेला त त्या चित्राखाली डबीच नाही. दीदी नाराज, विनूले तोंड उघडाले जागा, अन् पोट्टी भोपाळले. नाही सांगितलं त कोणाले कळणार आहे?
मले.

ता. १ फेब्रु.
आंग दुखते. गच्चीवर गेली नाही. रेवा म्हणे, "आजी, तू रुसली का?" म्हटलं, थकली.

ता. २
आज झालं. जसं झालं तसं लिहिते.
दुपारी रेवा म्हणे, "आजी, पहिली डबी शुक्लाइन आंटीच्या लेकीले देऊन आली. गोदभराईले लावणार आहे." सातव्या महिन्याचं डोहाळजेवण. मी चप्पल उलटसुलट घातली अन् शेजारी गेली. पोरगी डबी उघडून आरशासमोरच बसलेली. मी म्हटलं, बेटा, ये वापस दे दे. शुक्लाइन कमरेवर हात ठेवून, "क्यों अम्मा, दिया हुआ वापस लेती हो? लड़की ने ऐसा क्या बिगाड़ दिया तुम्हारा?" मी काहीतरी बनवून सांगणार होती, का तूप वास मारते म्हणून. जिभेवर आलंच होतं. पण त्या पोरीच्या पोटाकडं पाह्यलं अन् सांगून टाकलं. सुहागा है इसमें. मैंने डाला है. रेवा को नहीं मालूम. शुक्लाइनचा हात कमरेवरून खाली आला. म्हणे, "अच्छा किया अम्मा." लाडूही देत होती, घेतला नाही.

मंग घरी. रेवासमोर डबी ठेवली. "याच्यात टाकणखार आहे." ती पाहतच राह्यली. "मी विचारलं होतं आजी." हो. "वहीत लिहाले सांगितलं होतं." हो. "मी रोज लावून राहिली." हो. चिल्लावली असती त बरं झालं असतं. उठली, ओठ धुतले, साबणानं दोनदा, अन् दार लावून घेतलं.

ता. ३
बोलत नाही. सगळ्या लाल डब्या खोक्यात बंद. विनूनं विचारलं, "काय झालं दोघींचं?" कोणी सांगितलं नाही. तो मलेच म्हणे, "आई, तुले कोणी सांगितलं होतं या वयात?" कोणीच नाही सांगितलं बाबा. म्हणूनच त मजा आली.

ता. ४
रेवानं दीदीले खरं सांगितलं. दीदी घरी आली. मी स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. तीच आत आली, ओट्यावर टेकली. म्हणे, "अम्मा, लाल पावडर बची है?" पातेलंभर. "मुझे दे दो. मेरी तस्वीर को कौन होंठ लगाएगा." घेऊन गेली. काय करते माहीत नाही. पूर्ण झालेलं चित्र ते, चार महिन्याचं. बिघडवू नको म्हणजे झालं.

ता. ५
रेवा आज बोलली. एवढंच, "आजी, रतनजोत तुपात कसा रंग सोडते?" बसली मंग तिच्यासंगं. तूप कोमट, रतनजोतीच्या मुळ्या फडक्यात बांधून आत सोडाच्या. लाल नाही येत. जांभूळ खाल्ल्यावर जीभ होते तसा येते. दोघी वाकून पाहत होतो. ती म्हणे, "हा त्या चित्राचा रंग नाही." म्हटलं, नाही. "मंग काय करू?" मले वाटलं आता रडते. म्हटलं, "त्या चित्राखाली हाच ठेव. जो आहे तो." तिनं डब्या भरल्या.

प्रत्येक वस्तू तिनं हातानं तोलली. मी फक्त मुळ्या धुतल्या.

ता. ८
गुडघे. उद्या जाते का नाही माहीत नाही. रेवानं माही निळी साडी इस्त्री करून खाटेवर ठेवली.

ता. ९
गेली. विनूनं स्कूटरवर नेलं.
मोठा हॉल, पांढऱ्या भिंती, लोकं हळू बोलतात, कोणी मेल्यासारखे. अन् माहा पाटा वाजून राहिला चारी भिंतींतून. खोकलाही आला मधात. दोन पोट्टे डोळे मिटून ऐकत होते, मी मुद्दाम त्यांच्याजवळून दोनदा गेली. विनू थांबला अन् म्हणे, "हे तू आहेस?" म्हटलं, मंग कोण? तो तिथंच उभा राह्यला, पुढं गेला नाही.

दीदीनं लालाच्या कडेले कुंकू लावलं आहे. डाग थोडा मोठा झाला. मले आधीचाच बरा वाटे, पण सांगितलं नाही. तिचं चित्र.

त्याच्याखाली जांभळी डबी. जुळत नाही. लोकं वर पाहतात, खाली पाहतात, पुढं जातात. बाकीच्या पाच डब्यांपाशी घोळका, इथं कोणी नाही. मले खुर्ची दिली होती, तिथूनच दिसत होतं. रेवा हात मागं बांधून उभी. आठ दिवसांत केवढी वाळली.

मंग एक बाई थांबली, माह्याच वयाची, बॉबकट. डबी उघडली, वास घेतला. "इस में क्या क्या है बेटा?" रेवानं चिठ्ठीकडं बोट नेलं, मंग थांबली. माह्याकडं पाह्यलं. आठ दिवसांत पहिल्यांदा सरळ पाह्यलं.

"आजी, तूच सांग."

मी उठली. गुडघा कटकन वाजला. सांगितलं. तूप, कोणत्या गाईचं. मेण. रतनजोत, किती वेळा धुतली. फडकं कोणतं होतं तेही सांगितलं, माह्या जुन्या लुगड्याचं, उकळलेलं. "और कुछ?" मी थांबली. सगळं पुन्हा मनात मोजलं. रेवाही मोजून राहिली होती, ओठ हलत होते तिचे. म्हटलं, और कुछ नहीं.

बाई डबी हातात घेऊन चित्राकडं पाहत होती. विनू मागं येऊन उभा राह्यला होता, कधीपासून माहीत नाही.