साहेबांची दोन वाक्यं

ताई, तुझ्या धाकट्याचा वाकून नमस्कार.

मी धडधाकट आहे, जेवण वेळेवर मिळतं. खोलीच्या दाराशी पहारा आहे, तेवढं आईला सांगू नकोस. तिचा खोकला थांबला का?

परवा गावकऱ्यांच्या बैठकीत मी नेहमीसारखा दुभाषी म्हणून बसलो होतो. साहेब म्हणाले, "सांग त्यांना, आम्हाला फक्त रस्त्यापुरती जागा हवी." मी सांगितलं. मग ते हसत कप्तानाला म्हणाले, "रस्ता झाला की तोफा आणू. मग सगळा मुलूख आपलाच."

मी तेही गावकऱ्यांना सांगून टाकलं.

गावची म्हातारी कारभारीण उठली. "रस्ता नको," म्हणाली आणि चालू लागली. सगळं गाव तिच्यामागे गेलं. साहेबांचं तोंड बघायला तू हवी होतीस!

आता ते म्हणतात, "भाषांतर चुकलं, असं गावासमोर कबूल कर. नाहीतर तुरुंगात सडशील." ताई, आजोबांच्या वेळी आपला मुलूख असाच गेला. तेव्हाचा दुभाषी गप्प बसला होता.

पहाऱ्यावरचा शिपाई आपल्याकडचाच आहे, पत्र तोच टाकेल. उद्या मला गावासमोर उभं करतील. मी दोन्ही वाक्यं पुन्हा सांगणार आहे, या खेपेला जरा मोठ्यानं.

तुझा हट्टी भाऊ