मिऱ्यातलं न उडणारं

बाबा,

आज सकाळी वरणावर फोडणी ओतली आणि चर्र आवाज तेवढा आला. तापातून उठल्यापासून माझ्या नाकाला कशाचाच वास येत नाही. हिंगाचा नाही, संत्र्याच्या सालीचाही नाही. डॉक्टर म्हणतात, येईल कदाचित. वासाचं एकवेळ जाऊ दे, पण त्याच्याबरोबर महाल भागातल्या जुन्या घरातलं आपलं स्वयंपाकघरही विरत चाललंय, याची मला फार भीती वाटते. तुमचा चेहरा आठवतो, पण दुरून, काचेपलीकडे असल्यासारखा.

एक दुपार तेवढी धरून ठेवली आहे. पोरांना रसायनशास्त्र शिकवून तुम्ही कॉलेजातून घरी येता आणि खिशातून इवलीशी बाटली काढता. आत फिकट पिवळ्या सुया. मिऱ्याला मिरं करतं ते हेच, पायपरिन, असं म्हणत एक कण माझ्या जिभेवर ठेवता. आई पोळी लाटता लाटता ओरडते, "पोरीले काय चाटवून राहिले तुम्ही?" मला खडू चाटल्यासारखं वाटतं. "बाबा, हे तर बेचव आहे!" "थांब वं. घाई काहून करून राहिली?" मग हळूहळू जीभ पेटते, मी घरभर नाचते, आणि तुम्ही पोट धरून हसता. पाणी द्यायचं सोडून वर शिकवता, "मिऱ्याचा वास उडून जाते बेटा. हे नाही उडत."

तुम्ही गेलात तेव्हा मी रडले नाही. पाहुण्यांचा चहा, आईची औषधं, यात दिवस गेले, मग वर्षं गेली. पोरगी खंबीर आहे, असं लोक म्हणाले. मला मात्र माझ्यातच काहीतरी कमी आहे असं वाटत राहिलं.

आज ते वरण घशाखाली उतरेना. सहज डब्यातलं एक मिरं उचलून चावलं. आधी काहीच नाही. मग तीच आग, जिभेच्या मुळाशी, सावकाश आलेली, आणि डोळ्यांना धार लागली. आपलं ते स्वयंपाकघर उजेडाने भरलं, आईच्या हातावरचं पीठसुद्धा दिसलं. बाबा, मला तुम्ही फार हवे होतात. नवरा धावत आला. "काय झालं वं?" मी म्हटलं, "मिरं झोंबलं." त्यानं पाणी आणून दिलं.

हे पत्र कुठे टाकायचं, मला ठाऊक नाही. एक मात्र सांगते. ते पाणी मी प्यायले नाही. तो आत वळला तसं दुसरं मिरं तोंडात टाकलं. पहिल्याची आग ओसरत होती, आणि मला अजून रडायचं होतं.