बावीस मी, तेवीस नाझली

तुझ्या लेकाने, हैसमने, माझ्या नातीचे दोन महिने खाल्ले, वगीह, आणि वर ढेकरसुद्धा दिला नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण सलाम-दुआ सुरू झाली की माझा राग निवतो आणि तुझं फावतं.

हं, आता रीतीचं. पोर्ट सईदहून थोरली बहीण इन्साफ हिचा अलेक्झांड्रियात राहणाऱ्या धाकट्या वगीहला सलाम. अल्लाह तुला उदंड आयुष्य देवो, आणि ते चालून संपवायला गुडघेही देवो. साखर किती आहे? तो पाकातला बसबूसा सुटला का? (सुटला नसणार. लहानपणी तू तापातसुद्धा ताट चाटायचास.) मी बरी आहे. डावा कान गेला, पण त्या बाजूला सून बसते, तेव्हा अडचण काही नाही. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर मी मुद्द्यावर आले की तुझी रेंज जाते. अक्षर चौथीपर्यंतचं आहे, चष्मा लाव.

तर शाहंदा. माझ्या रिफअतची मधली, जिला तू शेवटची बघितलीस तेव्हा ती तुझ्या टोपीत मांजराची पिल्लं घेऊन फिरत होती. पदवी घेऊन तीन वर्षं घरात बसली आहे. बंदरावरच्या कंटेनरवाल्या कचेरीत कॉम्प्युटरच्या खोलीत एक जागा निघाली आहे. परीक्षेचा कागद महिनाअखेरपर्यंत आणेल त्याला ती मिळणार. नाही आणला, तर रिफअत तिला कुवेतला बोलावून घेणार, म्हणजे त्याच्या खोलीवर भात शिजवायला. ही पोरगी गच्चीतून जहाजांकडे बघते ना, ती जहाजं नाही बघत. कोण कोणाला वाट देतो ते बघते. तिच्या हातात पळी द्यायची म्हणजे पळीचाही अपमान.

आता परीक्षा कोणती, हा घोळ. मला कळलं तेवढं सांगते. सुरुवातीच्या तीन आहेत. एक मशीन उघडून झाकायची, तिचे पेपर दोन. दुसरी जाळ्याची, म्हणजे एक मशीन दुसऱ्या मशीनशी कसं बोलतं त्याची. तिसरी पहाऱ्याची, म्हणजे त्या बोलण्यात चोर शिरला तर काय करायचं त्याची. शाहंदाने हैसमला विचारलं. त्याने आपल्या थंडगार कचेरीतून फर्मान सोडलं की पहिल्या दोन हल्ली कोणी विचारत नाही, थेट पहाऱ्याचीच दे. पोरगी दोन महिने ते जाडजूड पुस्तक उशाला घेऊन बसली. चोरांची नावं पाठ झाली, पण घराला दारं किती हेच माहीत नाही, तर पहारा कुठे देणार? शेवटी मी बुरख्यावर चांगली शाल घेतली, त्या कचेरीच्या फाटकावर गेले आणि कोणता कागद हवा ते विचारलं. तिथल्या माणसाने मला दोनदा हाकललं, तिसऱ्यांदा खुर्ची दिली आणि सांगितलं, आजी, जाळ्याची. एवढंच. यासाठी हैसमसारखा टाय लावावा लागत नाही.

घरात अभ्यास होत नाही. सून टीव्हीशी बोलते आणि टीव्ही तिच्याशी. म्हणून आम्ही दोघी कालव्याच्या फेरीबोटीवर जातो. (पायी माणसाला ती फुकट आहे, त्यामुळे उतरा म्हणायला कोणाचं तोंड उघडत नाही.) सकाळी दहाला चढायचं, इकडून पोर्ट फुआद, तिकडून पोर्ट सईद, तिसऱ्या प्रहरच्या नमाजापर्यंत. दिवसाला बारा वेळा आफ्रिका आणि बारा वेळा आशिया होते, वगीह, आणि पायातली चप्पल तीच. मी सूर्यफुलाच्या बिया सोलते, ती कठड्याला टेकून पुटपुटते. पाणी एका रंगाचं राहत नाही. धुकं असलं की समोरचा किनारा दिसतच नाही, आपण निघालो आहोत की परत येतो आहोत तेही कळत नाही, नुसती मशिदीच्या हिरव्या घुमटाची एक कड वर लोंबकळत असते. मग एखादं जहाज येतं, चाळीस इमारती एकावर एक रचल्यासारखं, आवाज न करता, आणि आमची बोट थांबून त्याला जाऊ देते. शाहंदाचे आकडे तेवढे ऐकू येतात, बावीस, तेवीस, त्रेपन्न, ऐंशी, आणि मला वाटतं ती त्या जहाजावरचे डबेच मोजते आहे, आणि मी पण त्यातल्या एखाद्या डब्यात निजले आहे, वीस वर्षांची, आणि मला कुठे उतरवायचं ते अजून कोणी ठरवलेलं नाही.

ते आकडे काय, ते विचारलं एकदा. ती म्हणाली, हे पोर्ट. मी म्हटलं, पोर्ट दोनच, इकडचं सईद आणि तिकडचं फुआद, बाकीचे तुला कोणी विकले? तर म्हणाली, आजी, अरबी पुस्तकात याला 'मन्फज' म्हणतात. म्हणजे नाका! अरे, मग आधी नाही का सांगायचं? शहराबाहेरच्या जकात नाक्यावर मी बारा वर्षं काढली आहेत, आणि नाक्याच्या चुकीच्या बाजूने, इथला बिनजकातीचा माल बाहेर नेत. बाहेरून जे येतं ते कुठल्या दारातून येतं, कोणाला आत सोडायचं, कोणाला उभं करून झडती घ्यायची, हे त्या पुस्तकाने मला शिकवावं? बोटीवर बसल्या बसल्या मी तिचे सगळे नाके बसवून दिले. ऐंशी म्हणजे उघडं दार, येणारा-जाणारा बघतो. चारशे त्रेचाळीस तेच दार, पण कुलूप लावलेलं. त्रेपन्न म्हणजे आमच्या गल्लीतली शेंगदाणेवाली, नाव सांगा, ती पत्ता सांगते. बावीस म्हणजे मी, पायघोळ गलाबियाच्या आत पाच नाइटगाऊन घालून, वरून विधवेसारखा चेहरा करून बसमध्ये बसलेली. माल जातो, कोणाला दिसत नाही. आणि तेवीस तेच काम करतं, पण जे नेतं ते उघड्यावर, कोणीही ऐकावं. तेवीस कोण ते तुला माहीत आहे.

(विसरला असशील तर: लग्नाआधी नाझली माझ्या शेजारच्या सीटवर होती. ते पाचही नाइटगाऊन तिच्याच रुखवताचे. अंमलदाराने नुसतं सवयीने विचारलं, काही आहे का. ती म्हणाली, "माझ्या अंगावर दोन, ताईंच्या अंगावर पाच." त्या दिवसापासून मी तुझ्या बायकोशी सणासुतकाचं तेवढंच बोलते.)

सगळंच बसलं असं नाही. सरावाच्या प्रश्नात विचारलं होतं, पहाऱ्याची भिंत माल अडवते आहे, आधी काय बघाल? मी म्हटलं, आधी पाळी कोणाची ते बघ. चार उत्तरांत ते नव्हतं. पोरीने मला त्या दिवशी आशियातच उतरवून ठेवलं होतं, पुढच्या फेरीला घेतलं. आणि ते पिंग. आपल्या अरबी जिभेला 'प' येत नाही, त्याचं बिंगच होतं, आणि कामही तेच आहे: एका मशीनने दुसऱ्याला टोचायचं, की घरात कोण आहे आणि कोण असून दार उघडत नाही याचं बिंग फुटतं.

पण एक गोष्ट मला आवडली. दोन मशीनना नीट बोलायचं असलं तर आधी एक म्हणतं, आहेस का? दुसरं म्हणतं, आहे, तू आहेस का? पहिलं म्हणतं, आहे. मगच बोलणं सुरू. दुसरीही एक पद्धत आहे, त्यात न विचारता नुसतं फेकत सुटायचं, पोचलं तर पोचलं. ती तुझी आणि हैसमची.

बाकी सगळं ठीक. नाझलीला काही सांगू नकोस.

तुझी थोरली बहीण,
इन्साफ

ता. क. इथल्या केंद्रात महिनाअखेरपर्यंत जागा नाही. शाहंदाची परीक्षा अलेक्झांड्रियात आहे, येत्या गुरुवारनंतरच्या गुरुवारी, सकाळी नऊला. बुधवारी दुपारच्या बसने ती येईल. तिला एक खाट हवी. पत्र याच्यासाठीच होतं, वरचं सगळं पोट मोकळं करायला.

ता. क. दुसरा. हैसमला त्या दिवशी कुठेतरी पाठव. शिकवायला येऊ देऊ नकोस.

ता. क. तिसरा. बुधवारी संध्याकाळी ती पोरगी विचारणार, "मला येतं का?" इथे आम्ही सगळे येतं म्हणतो. सून म्हणते, शेंगदाणेवाली म्हणते, बोटीचा रय्यिस भोंगा वाजवून म्हणतो, मी तर बियांची पुडी हातात देऊन म्हणते. ती ऐकते आणि तिचा चेहरा उतरतो, कारण आम्ही खोटं बोलतो हे तिला कळतं. येत असेल तर येतं आणि येत नसेल तर उठ, पुस्तक उघड, असं तोंडावर सांगणारं माणूस मला आख्ख्या मिसर देशात एकच माहीत आहे.

ता. क. चौथा. नाझली, तू हे वाचते आहेस. नवऱ्याची पत्रं तू आधी फोडतेस, मला ठाऊक आहे. तेवीसचं वाचलंस, राहू दे, पोरगी तो आकडा आता जन्मात विसरायची नाही. मी 'आहेस का' म्हटलं आहे. वगीहने उत्तर लिहायचं नाही, हैसमने तर कागदाला हात लावायचा नाही. तू लिहायचंस.