चारशे मीटर सरळ

९ ऑक्टोबर २०२३, सोमवार

डॉक्टर म्हणाले, गाडी आजपासून बंद! सोलापूरला चष्म्याचा नंबर काढायला गेलो आणि हे ऐकून आलो. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांची कडेची नजर गेली आहे, डावीकडची जास्त. गेली ती परत येत नाही. "समोरचं स्वच्छ दिसतं, म्हणून फसता तुम्ही लोक."

तरी घरी जळकोटपर्यंत गाडी चालवतच आलो. करणार काय? सोलापुरातच टाकून एसटीनं आलो असतो तर शिवप्रियानं दारातच विचारलं असतं, गाडी कुठं आहे अप्पा? तिची आई गेल्यापासून पोरगी माझ्यावर पोलिसासारखी नजर ठेवते.

रिपोर्ट या वहीत ठेवला. कुणाला सांगायचं नाही.

१० ऑक्टोबर

गॅरेजचं शटर अर्धं ओढून स्टुलावर बसलो. डाव्या हातात पाना धरून कानापासून पुढं आणला. पार नाकासमोर येईपर्यंत दिसला नाही! उजवीकडून जरा बरं. चारदा केलं. चौथ्यांदा पाना हातातून पडला.

मी घाबरलो आहे. त्रेसष्टाव्या वर्षी लिहायला लाज वाटते, पण घाबरलो आहे.

११ ऑक्टोबर

शिवराजचा फोन. धाराशिवचा, पांढऱ्या नव्या गाडीवाला. गेल्या वर्षी नळदुर्गच्या पुढं मी त्याला मागं टाकलं होतं. बिचारा पुढच्या ढाब्यावर उतरून माझ्या गाडीखाली वाकून बघत होता!

बघण्यासारखं आहेच. चौसष्ट सालची, दोन सीटची, उघडी इंग्रजी गाडी. सोलापूरच्या एका गिरणीवाल्याच्या आवारात तिच्यात कोंबड्या बसायच्या. बावीस वर्षं घातली मी तिच्यात. इंजिन जपानी, गिअरबॉक्स त्याच इंजिनाचा, बाकी सगळं या हातांचं. बाजाराला तिच्यातूनच जातो, गॅसची टाकी शेजारच्या सीटवर. लोक म्हणतात, गुंडाप्पाचं खेळणं. म्हणोत.

तर एकोणतीस तारखेला तामलवाडीजवळ, अजून न उघडलेल्या नव्या रस्त्यावर शर्यत. परवानगी काढली आहे. चारशे मीटर, एका वेळी दोन गाड्या, सेकंद मोजायला यंत्र. "काका, तुमच्याशी माझा हिशेब ऱ्हायलाय, यायलाच पायजे!"

चारशे मीटर. सरळच तर जायचंय! सरळ मला दिसतं.

१४ ऑक्टोबर

आज ज्ञानोबा दूधवाल्याला घासलं.

नळदुर्ग रस्त्यावर डावीकडं वळलो आणि खाडकन आवाज. त्याची मोटारसायकल आडवी, कॅन उलटा, दूध रस्त्यावर. त्याला लागलं नाही. देवा, लागलं नाही! गुडघे झटकत उठला आणि म्हणाला, "काका, हॉर्न तरी द्यायचा! म्या कवाधरनं तुमच्या अंगालाच चाललोय की!"

कवाधरनं. आणि माझ्यासाठी तो तिथं नव्हताच.

मी म्हणालो, ऊन डोळ्यावर आलं. ऊन पाठीमागं होतं.

१५ ऑक्टोबर

रस्त्यावर आता चालवायची नाही. शपथ. पण एकोणतीसला एकदा. माणसाची एवढी एक हौस देवानं ठेवू नये का? बावीस वर्षांत तिला खरं पळवलंच नाही कधी. पुढच्या वर्षी समोरचंही गेलं तर?

१९ ऑक्टोबर

शिवप्रियाला सांगायला तोंड उघडलं. विषय काढला स्पार्क प्लगचा.

२३ ऑक्टोबर, खंडेनवमी

पाने, जॅक, वेल्डिंग मशीन, सगळ्यांची पूजा झाली. गाडीला झेंडूचा हार घातला, दिव्यांना कुंकू लावलं. शिवप्रिया मागून आली आणि तिनंही कुंकू घेतलं. म्हटलं, लावलंय मी. म्हणाली, "एकाच दिव्याला लावलंय, अप्पा."

दिवसभर तिच्याकडं बघायचं टाळलं.

२८ ऑक्टोबर

प्लग बदलले, टायरची हवा पाहिली. शिवप्रिया म्हणते, तामलवाडीपर्यंत मी चालवते, तुम्ही दमू नका. आणि शर्यतीतही शेजारी बसणार! वजन वाढतं म्हणालो. "मग येतच न्हाय म्या, तुमीबी जाऊ नका." हट्टी. कुणावर गेली कोण जाणे.

 शर्यत सुटायची खूण देणारा समोरच्या खांबावरचा दिवा तरी दिसेल ना?

२९ ऑक्टोबर, रविवार

चौदा पूर्णांक दोन सेकंद!!

दिवा हिरवा झालेला स्वच्छ दिसला. क्लच सोडला आणि गाडी सुटली. तिसऱ्या गिअरला तर मी ओरडलोच. शिवराजची गाडी डावीकडं लागणार होती. तिचा आवाजसुद्धा कानावर आला नाही, एवढी मागं राहिली! शेवटी शिवप्रिया ओरडली, "अप्पा, ब्रेक!" आणि मी ब्रेक दाबला. अंगाला घाम, डोळ्यांना पाणी.

शिवराज पळत आला. "काका, चौदा पॉइंट दोन! ह्या डब्यात!" मिठी मारली मला. हरल्याचं तोंडावर काही नाही. मोठ्या मनाचा पोरगा.

मेलो तरी चालेल आता, असं पहिल्यांदा वाटलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा जेवण गोड लागलं.

३१ ऑक्टोबर

शिवराजनं व्हिडिओ पाठवला. फोन नाकासमोर धरून तीनदा पाहिला. दिवा हिरवा होतो, माझी गाडी सुटते. डावीकडची पट्टी रिकामी आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत रिकामी. शिवराज रस्त्याच्या कडेला हाताची घडी घालून उभा आहे.

शिवप्रियाला फोन दाखवला.  म्हणाली, "वहीतला रिपोर्ट वाचलाय म्या. तुमच्या डाव्या अंगाला गाडी ठिवायचं माझं धाडस झालं न्हाय, अप्पा. म्याच सांगितलं त्यास्नी, गाडी काढू नका म्हून."

किल्ली तिच्याकडंच आहे. मी मागितली नाही.