नसा साफ आहेत म्हणे!

१८ फेब्रुवारी

खोटं बोलतायत. सगळे!

काल पनवेलला अँजिओग्राफी झाली. मनगटातून नळी घातली, पडद्यावर काय काय बघितलं, आणि बाहेर पुष्कर सांगतो, "आई, नसा एकदम साफ. एकसुद्धा ब्लॉकेज नाही." मग चालताना छातीवर पाटा ठेवल्यासारखं होतं ते काय? पेणच्या डॉक्टरांनी पट्ट्यावर पळवून कार्डिओग्राम काढला, त्यात हृदयाला रक्त कमी पडतंय दिसलं, ते काय? सांगताना लेकाने माझ्याकडे बघितलं नाही. मी जन्मभर शाळेत पोरं हाकली. खाली बघून बोलणारा पोरगा मला बरोबर कळतो.

२० फेब्रुवारी

यांनी सकाळी चहा केला! लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, यांना गॅस पेटवता येतो हे आज कळलं. वर विचारतात, "साखर बरोबर आहे ना?" म्हणजे माझं काही खरं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

सून आली रोह्याहून, सकाळच्या गाडीने. एकटीच — पुष्करची धाटावच्या कारखान्यात शिफ्ट. एरवी रविवारी हिला झोपेतून उठवत नाही. पोह्याचे पापड लाटायला बसले तर सावनीने हातातलं लाटणंच काढून घेतलं. "आई, तुम्ही नका दगदग करू." मग मागच्या पडवीत सासरा-सुनेची कुजबुज. मी गेले तर लगेच उन्हाळ्याच्या गप्पा! मी काय कुक्कुलं बाळ आहे?

पापडांना मदतीला येते ती कृष्णाबाई म्हणाली, "बाई, कायतरी लपवत्यात गो तुमच्यापासून. माज्या सासूला पन आमी शेवटपरत सांगला नाय." आमच्या घरात तरी काय वेगळं? मोठ्या दिरांना अल्सर आहे असंच सांगत राहिलो. कॅन्सरचं नाव कुणी काढलं नाही. मीच सगळ्यांना दम भरला होता, खबरदार तोंड उघडाल तर! आता माझी पाळी. किती दिवस उरलेत, एवढं तरी सांगा की मेल्यांनो.

२ मार्च

गच्चीवर पापड काढायला गेले. जिन्यातच दुखलं, कळ जबड्यापर्यंत. पायरीवर बसले तरी थांबेना. कुणाला बोलले नाही.

५ मार्च

पकडलं!

वर्गात चोर सापडला नाही की मी एकच करायची. शांतपणे म्हणायची, "मला सगळं कळलंय." मग खरं काय ते आपोआप बाहेर येतं. दुपारी जेवताना यांच्यावर तोच प्रयोग. "डॉक्टरांशी बोलले मी. सगळं कळलंय."

यांनी घास ताटात ठेवला. मग चक्क हुश्श केलं! "बरंच झालं. तुला कसं सांगावं तेच कळत नव्हतं. अगं, तुझ्या हृदयाला खरंच काही झालेलं नाही. मनाचं आहे सगळं. रिटायर झालीस, कुणी विचारत नाही, म्हणून होतं असं. पनवेलचे डॉक्टरच म्हणाले, जरा लक्ष द्या त्यांच्याकडे, लाड करा."

लाड! म्हणजे तो चहा त्यासाठी!

खोटं कुणीच बोलत नव्हतं. मला नाटकी समजत होते. मरणार आहे म्हणाले असते तर बरं वाटलं असतं, देवाशप्पथ. ताट तसंच टाकून उठले. हे मागून हाका मारत होते, मारू देत.

९ मार्च

सावनीचा फोन. मुंबईत एक डॉक्टर बाई आहेत, नसा साफ असून दुखतं त्याचीच तपासणी करतात. नंबर लावलाय म्हणे. हिला एवढा पुळका कशाला? मी वेडी आहे हे आणखी एका डॉक्टरकडून वदवून घ्यायचं असेल. "थांबलात तरी दुखत राहतं का? जबड्यात जातं का?" किती खोदून खोदून विचारावं! वर, "पुष्करला सांगू नका." दाल में काला नाही, अख्खी डाळच काळी! पण जाणार. बघते तरी.

२१ मार्च

पुन्हा नळी. या वेळी नळीतून औषध सोडलं आणि हृदयाला जाणारं रक्त त्याने किती वाढतं ते मोजलं. डॉक्टर बाई माझ्याशीच बोलल्या, सुनेशी नाही. मोठ्या नसा साफच आहेत. पण त्यांच्या पुढे केसासारख्या बारीक नसा असतात, त्या अँजिओग्राफीत दिसतच नाहीत. माझ्या त्या बारीक नसा हव्या तेव्हा नीट उघडत नाहीत, म्हणून रक्त कमी पडतं. बायकांमध्ये बरंच आढळतं म्हणे हे. गोळ्या दिल्यात. वर म्हणाल्या, "तुमचं दुखणं खरं आहे, मावशी."

ढसाढसा रडले. आजारी आहे कळल्यावर एवढी खूश झालेली बाई त्यांनी पाहिली नसेल! यांना फोन केला. म्हणाले, "चुकलो." पुष्करला मात्र अजून पटत नाही.

२३ मार्च

सावनी आज रोह्याला परत निघाली. निघताना सरळ विचारलं, या डॉक्टर बाई तुला सापडल्या कुठून?

"मी माझ्यासाठी शोधल्या होत्या, आई. दिवाळीपासून मलाही तसंच होतंय. तो नंबर माझाच होता. तुमचं जास्त वाटलं, म्हणून तुम्हाला दिला."

"अगं, पुष्करला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं ना. म्हणाला, आता तू आईसारखं सुरू करू नकोस."