गंगम्माच्या पाळण्याची मालकी

मु. वालूर, जिल्हा परभणी
कार्तिक वद्य पंचमी, फसली १३५१

राजश्री रेवणसिद्धअप्पा, मुक्काम राणीसावरगाव, यांस त्यांचा साडू चन्नप्पा याचे वालूरहून शरणु शरणार्थी. इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे मी ठीक आहे आणि दुकान ठीक आहे. या घरात खुशाली कळवण्याजोगं आता एवढंच उरलंय. तुमचा गुडघा कसा आहे? भागम्माअक्कांचा खोकला थांबला का? सूनबाईंचे दिवस भरत आल्याचं कळलं, फार आनंद झाला. त्यांना जड उचलू देऊ नका आणि तुमच्या जुन्या हकिकती ऐकवू नका. दोन्हींचा त्रास सारखाच.

हे पत्र बन्सीधर गाडीवानाच्या हाती देतोय. सोबत एक गाठोडं आहे. ते जड आहे, पण गूळ नाही, म्हणून घाईनं सोडून चाखायला जाऊ नका. (मागे मी बैलासाठी पाठवलेली पेंड तुम्ही चिक्की समजून खाल्लीत, हे अक्कांनी मला सांगितलंय. मी आजवर कुणाला बोललो नाही, फक्त सगळ्या वालुराला ठाऊक आहे.) पत्र शेवटपर्यंत वाचा, अक्कांना मोठ्यानं वाचून दाखवा, आणि मगच गाठ सोडा.

तर काय झालं, मी यंदा चोर पकडायला निघालो होतो. चोरी दुकानातली नव्हे. आपल्या गंगेनं रचलेला पाळणा लोकांनी चोरला, असं माझ्या ध्यानात आलं. तो पाळणा अक्कांना पाठ असणारच. दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये आमची एकच कुडाची भिंत. ती तिकडे पाट्यावर चटणी वाटायची आणि वाटता वाटता रचायची. मी इकडे तराजू धरून ऐकायचो. चांदोमामा उभा दारी, त्याला बसायला पाट, इथून सुरुवात. शेवटी यायचं, दार वाजवी वारा, त्याला म्हणू गुमान जाय, आणि त्यापुढची ओळ, अमुक म्हणे नीज बाळा, माय तुझी जागी हाय. अमुकच्या जागी ती नाव घेत नसे. तेवढ्यापुरती गप्प व्हायची आणि नुसता वरवंटा फिरल्याचा आवाज यायचा. मला वाटायचं, नवरा भिंतीपलीकडे बसलाय म्हणून लाजतेय. रचणाऱ्यानं शेवटच्या ओळीत आपलं नाव गुंफायचं ही आपल्याकडची रीतच आहे. भजन कुणाचं, हे त्यावरूनच कळतं. तेव्हा तिथं "गंगा म्हणे" असणार, हे मी मनाशी धरून चाललो होतो. ती गेल्यापासून एकटा असलो की ती ओळ मी तशीच म्हणत होतो. सांगायला लाज कसली, तेवढ्या वेळापुरतं घर भरल्यासारखं वाटायचं.

पुढे पेडगावला उधारी मागायला गेलो होतो. (मिळाली नाही, ते सोडा.) एका घरातून पाळणा ऐकू आला. तोच चांदोमामा, तोच पाट, तोच वारा. मी रस्त्यात उभा राहिलो. डोळे भरून आले. शेवटची ओळ आली आणि आतली बाई खुशाल म्हणाली, "सुमन म्हणे नीज बाळा." अप्पा, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ही सुमनबाई कोण, कुठली, हिनं माझ्या बायकोची ओळ उचलून त्यावर आपलं नाव लावावं? बरं, वालुरात परत येतो तर कुंभारवाड्याजवळ कडूबाईचं नाव घालून "कडू म्हणे" चाललेलं. म्हणजे हे एकटीदुकटीचं काम नव्हे, जिल्हाभर टोळी पसरली आहे, अशी माझी खात्री झाली. पोरंबाळं तिची नाहीत, शेतशिवार तिच्या नावावर नाही. या जगात तिचं म्हणून जे एक राहिलं होतं ते हे गाणं, आणि त्यातूनही तिचं नाव पुसायला निघालेत, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

मी किशनरावांकडे गेलो. हे आमच्या गावचे कायदेपंडित, कारण हे एकदा कचेरीची पायरी चढले होते. त्यांनी सांगितलं की माणसानं नवं यंत्र काढलं किंवा नवं गाणं रचलं तर सरकारदरबारी नोंद करून त्यावर हक्क राखता येतो, मग दुसऱ्यानं परवानगीवाचून हात लावला की दावा लावायचा. ते स्वतः हा कायदा फार मनावर घेऊन वागतात. त्यांनी उंदीर पकडायचा एक नव्या तऱ्हेचा पिंजरा तयार केलाय. नोंद होईपर्यंत कुणी नक्कल करू नये म्हणून त्यांनी तो पोत्यात गुंडाळून, सुतळीनं शिवून फळीवर ठेवलाय. तो कुणी पाहिलेला नाही, उंदरांनीसुद्धा नाही. किशनरावांच्या घरात उंदीर ऐटीत फिरतात. हे पाहून मी तेव्हाच शहाणा व्हायला हवं होतं, पण राग आलेल्या माणसाला दुसऱ्याचा पिंजरा कुठला दिसतो.

परभणीला त्यांच्या ओळखीचे एक वकीलसाहेब होते, त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, निजाम सरकारात दरखास्त उर्दूतच लागेल. त्यांच्या मुन्शीनं माझ्याकडून पाळणा म्हणवून घेतला. (तुमच्या साडूनं भर कचेरीत, पक्षकारांनी भरलेल्या बाकांसमोर, पाळणा म्हटला. एक शिपाई खरोखर पेंगायला लागला, ही गंगेच्या रचनेची ताकद.) मुन्शीनं त्याचा कायदेशीर तर्जुमा केला आणि मला वाचून समजावला. तो असा: चांद, रिश्त्यानं मामा, राहणार आसमान, दरवाजापर्यंत हाजिर, त्यास आसन देण्यात यावं. हवेस सक्त ताकीद व्हावी की दार वाजवू नये. मुसम्मात गंगम्मा हिची इल्तिजा की नाबालिगानं रडणं मौकूफ करून निद्रा घ्यावी, कारण वालिदा जागी व हाजिर आहे. मी विचारलं, यावर मूल झोपेल का? मुन्शी म्हणाला, झोपलं नाही तर अपील आहे.

वकीलसाहेबांनी आणखी एक मसलत दिली. दरखास्तीचा निकाल केव्हा लागेल ते सांगता येत नाही, तोवर गावात दवंडी पिटवा, म्हणजे आम्हाला माहीत नव्हतं असं कुणी पुढे म्हणायचं नाही. मला हे पटलं. वालुरात येऊन आश्रुबा दवंडीवाल्याला मजकूर सांगितला: गंगम्माचा पाळणा तिचं नाव घेतल्याशिवाय कुणी गाऊ नये. आश्रुबा कामाला चोख, पण छोट्या मजकुरावर त्याचं भागत नाही. त्यानं चावडीपाशी पाळणा गाऊ नये असं सांगितलं, देवळापाशी जाईपर्यंत त्यात गाणाऱ्यावर खटला होईल हे घातलं, आणि वेशीपाशी तर बाळासकट उचलून परभणीला नेतील असं पुकारलं. मी दुकानात बसून ऐकत होतो. खोटं कशाला सांगू, मला त्या वेळी बरं वाटलं.

त्यानंतर गावात त्याच कडूबाईच्या नातवाचं बारसं निघालं. घर दुकानाच्या समोरच. बायका जमल्या, पाळणा सजला, घुगऱ्यांचा वास आला. मी कान देऊन बसलो, आता तरी "गंगा म्हणे" ऐकायला मिळेल म्हणून. आणि काहीच ऐकू आलं नाही. एक बाईसुद्धा गायली नाही. पाळण्याची कडी तेवढी कुरकुरत होती. कुणीतरी बाळाच्या कानात नाव सांगितलं, ते रडायला लागलं, आणि रडतच राहिलं. बायका बाहेर पडल्या त्या माझ्या दुकानाकडे न बघता खाली माना घालून गेल्या. अप्पा, गंगा गेली त्या दिवशीसुद्धा आमच्या गल्लीत इतकं सुनं वाटलं नव्हतं. तिचा पाळणा निदान तिच्यामागं चालू होता. तो मी बंद पाडला, तोही ढोल वाजवून.

सगळ्यांच्या मागं कमलबाई होत्या, आमच्या शेजारच्या थोरल्या. त्या तेवढ्या दुकानाची पायरी चढल्या. मला वाटलं शिव्या देतील. त्यांनी पायरीवर बसून पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "चन्नप्पा, तुमी कवा बारशाला आत आला न्हाईत, म्हून तुमाला ठावं न्हाई. गंगम्मानं त्यात सवताचं नाव कवाच घातलं न्हाई. ज्या घरचा पाळणा, त्या घरच्या बाळंतिणीचं नाव. माझ्या वक्ताला कमल म्हणे. कडूबाईच्या वक्ताला कडू म्हणे. तिनंच तसं शिकवलंय आमाला."

मी विचारलं, आणि पेडगावची सुमन? कमलबाई म्हणाल्या, ती त्यांचीच भाची. गंगेनं तिच्या पहिल्या बाळासाठी तसाच म्हटला होता, तो ती तसाच म्हणतेय.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी लिहितोय, अक्कांना वाचून दाखवताना जरा हळू वाचा. गंगेला पाळण्याची दोरी कुणी हाती देत नसे, मूल नसलेल्या बाईनं पाळण्याला हात लावू नये म्हणतात ना, तसं. ती उंबऱ्याशी उभी राहून गायची. बोलावणं मात्र दर घरून यायचं, कारण तिच्यावाचून पाळणा सुरू होत नसे. घरी येऊन तिनं मला यातला एक शब्द सांगितला नाही. उलट घुगऱ्या आणायची आणि मला वाढायची. कमलबाई म्हणाल्या, "म्या एकडाव म्हणलं, गंगे, एक खेप तरी तुजं नाव घाल की त्यात. तर हसली. म्हणली, माझ्या घरी पाळणा हालला की घालते."

तो काही हलला नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

आता चोर कोण, याचा निकाल तुम्हीच लावा. तिनं जी जागा दुसऱ्यांसाठी मोकळी ठेवली होती, तिथं तिला न विचारता नाव लावणारा या जिल्ह्यात मी एकटाच निघालो. दुसऱ्या दिवशी आश्रुबाला परत बोलावलं आणि सांगितलं, आधीची दवंडी रद्द, पाळणा ज्याला हवा त्यानं हव्या त्या नावानं गावा. आश्रुबानं वेशीपाशी पोचेपर्यंत असं केलं की प्रत्येक घरानं रोज संध्याकाळी पाळणा गाणं सक्तीचं आहे, पोर असो वा नसो. पहिले काही दिवस गावात काय गोंधळ झाला ते विचारू नका. आबासाहेब देशमुखांसारखा मिशाळ माणूस ओट्यावर बसून चांदोमामाला पाट देत होता. आता सगळं पूर्ववत आहे. काल कडूबाईच्या घरातून आवाज आला, बाळ लगेच गप्प झालं. मी हातातलं माप खाली ठेवून पूर्ण ऐकलं.

किशनरावांना हे सगळं सांगितलं. त्यांनी त्याच दिवशी पिंजऱ्यावर दुसरं पोतं चढवलं. असो. अक्कांना नमस्कार, सूनबाईंना आशीर्वाद, गुडघ्याला तेल.

आपला,
चन्नप्पा

ता. क. परभणीची दरखास्त मागे घ्यायला गेलो होतो, पण घेतली नाही. त्यात एका ठिकाणी तिचं नाव लिहिलंय. कुठल्या ओळीत ते मुन्शीनं बोट ठेवून दाखवलं. मला उर्दू वाचता येत नाही, पण आता ती जागा ओळखता येते.

आणखी ता. क. एवढं लांबण लावलं ते एका मागणीसाठी. सूनबाईंच्या बाळाच्या बारशाला पाळण्यात त्यांचंच नाव यावं, तो त्यांचा हक्क आहे, त्यात मी काही मागत नाही. पण बाळाला निजवण्याआधी आपल्याकडे कुंची घालून वरवंटा पाळण्यात ठेवतात आणि त्यालाच आधी झोका देतात. तेवढ्या एका खेपेला अक्कांनी पाळणा म्हणावा आणि शेवटच्या ओळीत गंगेचं नाव घ्यावं. दगडाच्या वेळेला घेतलं तर त्यानं कुणाचं काही कमी होणार नाही.

शेवटचं. आता गाठोडं सोडा. वरवंटा आमच्या घरचा आहे, तिच्या हातचा. तिच्यामागं मी त्यावर काही वाटलेलं नाही. बन्सीधरानं विचारलं, आत काय आहे, तर मी दगड आहे म्हणून सांगितलं. वरवंटा बाहेर काढताना जरा दोन्ही हातांनी घ्या.